इलेक्ट्रिक गिटारच्या घरगुती दुरुस्त्या: सैल जॅक, खरखरणारे पॉट आणि आटे गेलेले स्क्रू

वाजवता वाजवता आवाज जातो. व्हॉल्यूम फिरवला की खरखर होते. पट्ट्याचं बटण स्क्रूसकट हातात येतं. अशा वेळी गिटारचं काहीतरी मोठं बिघडलंय असं वाटतं, पण बहुतेक वेळा तुटलेलं काहीच नसतं. कुठला तरी नट सैल झालेला असतो, लाकडातल्या एखाद्या भोकाचे आटे गेलेले असतात, नाहीतर धातूला धातू टेकतो तिथे मळ साचलेला असतो. हे सगळं घरी, साध्या हत्यारांनी नीट होतं.

खरं नुकसान होतं ते घाईत. जॅक, म्हणजे केबल खुपसायची जागा, सैल दिसला म्हणून बाहेरून पाना लावून आवळला, आत अख्खा जॅक गरगर फिरला, वायरला पीळ बसला आणि डाग (सोल्डरचा जोड) सुटला. काल नुसता सैल असलेला जॅक आज मुका झाला. म्हणून एक सवय सुरुवातीपासून लावून घ्या: जे फिरवायचं ते फिरवताना, जे फिरायला नको ते दुसऱ्या हाताने धरून ठेवायचं. जॅक, पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा फिरता भाग), स्विच, ट्यूनर (तार ताणायची खुंटी), सगळ्यांना हा नियम लागू आहे.

उघडण्याआधी शोधा

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी दहा मिनिटं कानाला द्या. पहिला संशय केबलवर घ्यायचा, कारण सगळ्यात जास्त ताण आणि पाय तिच्यावरच पडतात. केबल बदलून पाहा. तरीही बिघाड तसाच राहिला तर मधली पेडल काढून गिटार थेट अ‍ॅम्पला जोडा. शक्य असेल तर त्याच केबलवर, त्याच अ‍ॅम्पला दुसरी गिटार लावून पाहा. एवढ्यात बिघाड गिटारमध्ये आहे की बाहेर हे स्पष्ट होतं.

गिटारमध्येच असेल तर अ‍ॅम्पचा आवाज कमी ठेवून एकेक गोष्ट हलवून बघा. प्लग जॅकमध्ये हलका दाबल्यावर आवाज जातो-येतो? मग जॅक. स्विच एका बाजूला दाबून धरला की आवाज येतो? मग स्विच. नॉब फिरवतानाच खरखर होते? मग पॉट. कोणता पिकअप (तारांखालचा, त्यांचा कंप टिपणारा भाग) जिवंत आहे हे पाहायला छोट्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पिकअपच्या लोखंडी खुंटांवर हळूच टकटक करा. चालू पिकअपवर ठोक मोठा आणि स्पष्ट ऐकू येतो, बंद पिकअपवर जेमतेम.

मल्टिमीटर असेल तर फारच बरं. केबल गिटारला जोडा, दुसरं टोक मोकळं ठेवा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा. मीटर २० किलोओहमवर ठेवून एक काडी प्लगच्या टोकाला आणि दुसरी त्याच्या मागच्या नळीला लावा. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचा) पिकअप साधारण ५ ते ७ किलोओहम दाखवतो, हंबकर (दोन वेटोळ्यांचा) बहुधा ७ ते ९. जास्त वेटोळी असलेला हंबकर १५ च्या पुढेही जातो. आकडा शून्याजवळ आला तर सिग्नलची वायर कुठेतरी ग्राउंडला (परतीच्या वायरला) टेकली आहे. मीटर पट्टीच ओलांडत असेल तर कुठेतरी जोड तुटला आहे. स्विच प्रत्येक जागी फिरवून पुन्हा मोजा. एखाद्याच जागी आकडा गायब झाला, तर शोध त्या पिकअपपुरता आणि स्विचपुरता उरतो.

९ व्होल्टची बॅटरी असलेल्या अ‍ॅक्टिव्ह गिटारवर ही मोजणी चालत नाही. तिथे आवाज चिरका किंवा मलूल झाला तर आधी बॅटरी बदला. या गिटारचा जॅक स्टिरिओ असतो आणि प्लग आत गेला की बॅटरी चालू होते, म्हणजे रात्रभर प्लग लावून ठेवला तर बॅटरीही रात्रभर जळते. तिचा जॅक बदलायचा झाला तर स्टिरिओच घ्यावा लागतो. साधा मोनो जॅक लावला तर बॅटरीचं हे चालू-बंद होणं राहत नाही.

हत्यारं

चांगला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर दोन मापांचा, पीएच १ आणि पीएच २. त्याचं टोक स्क्रूच्या खाचेत घट्ट बसायला हवं. सैल बसणारा स्क्रूड्रायव्हर खाच खातो आणि मग पाच मिनिटांच्या कामाला दिवस जातो. शिवाय बारीक अ‍ॅलन की मेट्रिक आणि इंची अशा दोन्ही, छोटे पाने, चिमटा, बारीक पक्कड, इअरबड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर, सुतारकामाचा पांढरा गोंद, टूथपिक. डाग देणार असाल तर ४० वॅटच्या आसपासची सोल्डरिंग आयर्न आणि रोझिन भरलेली सोल्डर तार. नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स गिटारमध्ये वापरायचा नाही, तो तांबं हळूहळू खातो.

टेबलावर जाड टॉवेल अंथरा, नेकखाली (मानेखाली) आधार द्या. निघणारे स्क्रू एका वाटीत टाकू नका. पुठ्ठ्यावर गिटारची ढोबळ आकृती काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. पिकगार्डचा (बॉडीवरच्या पुढच्या पातळ झाकणाचा) आखूड स्क्रू आणि मागच्या झाकणाचा स्क्रू दिसायला सारखे असतात, पण लांबीतला थोडासा फरकही लाकूड फोडतो. उघडल्याबरोबर आतल्या वायरिंगचा फोटो काढा.

जॅक: सगळ्यात जास्त छळणारा भाग

जॅकचं भोक पाव इंची प्लगसाठी असतं, म्हणजे ६.३५ मिमी. आत दोनच महत्त्वाच्या गोष्टी असतात. एक गोल नळी, जी ग्राउंड असते. आणि एक स्प्रिंगसारखी वाकलेली पत्र्याची जीभ, जी प्लगच्या टोकामागच्या खाचेत बसून सिग्नल घेते. प्लग आत जाताना ‘टक्’ होतो तो या जिभेचा. हा टक् मऊ पडला की समजायचं, जीभ थकली.

काम असं करा:

१. जॅकची प्लेट उघडा. स्ट्रॅटवर (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) नावेच्या आकाराची खोलगट प्लेट दोन स्क्रूंवर असते, गिब्सनच्या लेस पॉलवर कडेला चौकोनी प्लेट चार स्क्रूंवर. प्लेट ओढू नका, वायर जेवढी येते तेवढीच बाहेर घ्या.

२. दोन्ही डाग पाहा. वायर हलकेच हलवली आणि डागाच्या मुळाशी ती वेगळी हलताना दिसली, तर डाग सुटला आहे. तो दिसायला जागेवर असतो, म्हणूनच फसवतो. डाग मजबूत असतील तर पुढे चला.

३. अल्कोहोलमध्ये भिजवलेला इअरबड नळीतून फिरवा, दुसऱ्या इअरबडने जिभेचा वाकडा भाग पुसा. कापूस काळा होऊन येतो. तो काळा थर म्हणजेच अर्धी खरखर.

४. प्लग आत घालून पाहा. जीभ प्लगच्या खाचेत घट्ट बसत नसेल तर प्लग काढा आणि जीभ बोटाने किंवा पक्कडीने भोकाच्या मध्याकडे जराशी वाकवा, मिलिमीटरभर पुरे. पुन्हा प्लग घाला. टक् कडक यायला हवा.

५. जॅक आणि प्लेट यांच्या मधे आतल्या बाजूला दातेरी वॉशर आहे का पाहा. नसेल तर घाला. नट पुन्हा पुन्हा सैल होण्याचं कारण बहुतेकदा हा वॉशर गहाळ असणं हेच असतं.

६. आता जॅक आतून बोटांनी पकडा आणि बाहेरचा नट पान्याने आवळा. अमेरिकन जॅकला अर्ध्या इंचाचा पाना लागतो, मेट्रिक जॅकच्या नटाचं माप मोजून घ्या. आवळण्याआधी जॅकची दिशा ठरवा: प्लग आत गेल्यावर बाहेर ढकलली जाणारी जीभ पोकळीच्या भिंतीला टेकता कामा नये. पोकळीला काळा वाहक रंग किंवा तांब्याचा पत्रा लावलेला असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण जीभ तिथे टेकली की आवाज बंद.

पुष्कळ जण प्लग आत घालून तो धरतात आणि नट आवळतात. त्याचा उपयोग होत नाही, प्लग जॅकमध्ये मोकळा फिरतो आणि जॅक त्याच्याभोवती. धरायचं तर जॅकलाच.

टेलिकास्टरचा जॅक कडेच्या गोल कपात असतो. जुन्या पद्धतीत तो कप आतल्या एका पत्र्याच्या क्लिपवर तगतो, क्लिपचे दात लाकडात रुतलेले असतात. ते सुटले की कप कायम डुगडुगतो. ती क्लिप पुन्हा बसवण्यात वेळ घालवण्यापेक्षा दोन स्क्रूंनी बॉडीला बसणारा कप लावावा असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा लावला की तो त्रास संपतो.

सुटलेला डाग पुन्हा देताना

गिटारच्या दुरुस्तीत शिकण्यासारखं एकच काम निवडायचं असेल तर हे निवडा. गिटारवर थेट करू नका. आधी जुन्या वायरचे तुकडे एकमेकांना जोडून हात बसवून घ्या.

फिनिशवर पुठ्ठा किंवा जाड कापड टाका. वितळलेल्या सोल्डरचा एक थेंब लॅकरवर कायमची खूण ठेवतो. चष्मा घाला, खिडकी उघडा. वायरचं टोक ५ मिमी सोला, तारा पिळून घ्या आणि त्यांना आधी सोल्डर पाजा. जॅकच्या कानावरचा (वायर जोडायच्या भोकाच्या पट्टीवरचा) जुना सोल्डर वितळवून काढा, वायर कानातून ओवून आकड्यासारखी वाकवा, म्हणजे ती स्वतःच तिथे धरून राहते. आता आयर्नचं टोक कानाला आणि वायरला एकदम टेकवा. दोन-तीन सेकंद थांबून सोल्डर तार आयर्नला नव्हे, कानाला लावा. कान पुरेसा तापला असेल तर सोल्डर पाण्यासारखा पसरतो आणि वायरच्या तारांमध्ये ओढला जातो. ते डोळ्यांना दिसतं. आधी सोल्डर, मग आयर्न बाजूला घ्या आणि वायर निवेपर्यंत हलवू नका. फुंकर मारू नका.

शिसंयुक्त सोल्डरचा चांगला डाग गुळगुळीत, चमकदार आणि कडेला उतरता असतो, त्यातून वायरचा आकार दिसतो. करडा, दाणेदार, गोळ्यासारखा फुगलेला डाग म्हणजे थंड डाग. तो आज आवाज देईल आणि ऐन वाजवताना दगा देईल. पुन्हा तापवून नीट करा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

पॉटच्या पाठीवर ग्राउंडचा डाग द्यायचा असेल तर उष्णता जास्त लागते, कारण अख्खं धातूचं झाकण उष्णता ओढून घेतं. तिथे बारीक टोकाची कमजोर आयर्न दहा-पंधरा सेकंद दाबून धरतात आणि त्यातच पॉट आतून भाजतो. रुंद टोक, जास्त उष्णता आणि कमी वेळ, हीच रीत बरोबर. पाठ आधी बारीक सॅंडपेपरने घासली तर सोल्डर पटकन धरतो.

खरखरणारा पॉट

पॉटच्या आत नालेच्या आकाराची कार्बनची पट्टी असते आणि नॉब फिरवला की तिच्यावरून एक धातूचा ब्रश सरकतो. त्या पट्टीवर धूळ बसली की खरखर येते. त्यामुळे पहिल्याच दिवशी पॉट बदलायला निघू नका.

मागचं झाकण किंवा पिकगार्ड उघडा. पॉटच्या तीन कानांच्या वर, झाकणात एक फट दिसते. कॉन्टॅक्ट क्लीनरची बारीक नळी त्या फटीत धरून अगदी छोटा फवारा मारा. लगेच नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत २०-३० वेळा फिरवा. पाच मिनिटं वाळू द्या, मग वाजवून पाहा. गरज पडली तर पुन्हा एकदा. घरात गंज सोडवायला ठेवलेला तेलकट स्प्रे इथे वापरू नका. तो क्षणभर खरखर थांबवतो, नंतर धूळ धरून ठेवतो.

दोनदा साफ करूनही एका ठराविक जागी आवाज जातच असेल तर पट्टी झिजली आहे, पॉट बदला. सिंगल कॉइल गिटारवर बहुधा २५० किलोओहमचा पॉट असतो, हंबकरवर ५०० चा. पण जुन्या पॉटवर छापलेला आकडा वाचून तोच घ्यावा. आणि खरखर एकाच पेडलला जोडल्यावर येते, दुसरीकडे येत नाही, असं असेल तर गिटारचा पॉट निर्दोष असू शकतो. पेडलच्या इनपुटमधून थोडा डीसी व्होल्टेज गळत असेल तरी नॉब तसाच खरखरतो.

सैल पॉटचं तंत्र जॅकसारखंच. नॉब काढा. आधी त्याच्या कडेला बारीक स्क्रू आहे का ते पाहा. असेल तर तो सैल करा, नसेल तर नॉब सरळ वर ओढून निघतो. अडला तर त्याच्याखाली मऊ कापडाची पट्टी किंवा बुटाची नाडी गुंडाळून दोन्ही बाजूंनी सारखी वर ओढा. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका, बॉडीला खळगा पडतो आणि नॉबची कड उडते. मग पॉट मागून धरा आणि नट आवळा. नॉब टोकापर्यंत फिरवून, आतल्या अडसरावर भिस्त ठेवून नट आवळणं चुकीचं. तो अडसर नाजूक असतो, तुटला की नॉब गोल फिरत राहतो.

नॉबच दांड्यावर सैल बसत असेल आणि दांडा मधून चिरलेला, दातेरी असेल, तर ती चीर पातळ पात्याने केसभर रुंद करा. बस्स, केसभरच. जोर केला तर अर्धा दांडा मोडून हातात येतो.

स्विच

लेस पॉलसारख्या गिटारच्या टॉगल स्विचमध्ये पत्र्याच्या लांब पट्ट्या एकमेकींना टेकतात. क्लीनर लावलेल्या साध्या कागदाची पट्टी दोन टेकणाऱ्या बिंदूंच्या मधे घाला, स्विच बंद होऊ द्या आणि कागद हळूच ओढून घ्या. दोन-तीनदा केलं की पुरतं. सॅंडपेपर वापरू नका, वरचा मुलामा निघून जातो. स्ट्रॅटचा पाच जागांचा स्विच उघड्या बांधणीचा असेल तर गोल चकतीवर थोडा क्लीनर मारून स्विच भरपूर हलवा. फेंडरने हा स्विच १९७७ पासून कारखान्यातून द्यायला सुरुवात केली. त्याआधीच्या स्ट्रॅटवर तीनच जागा होत्या, त्यामुळे जुन्या गिटारवर त्या तीन जागांच्या अधेमधे स्विच अडत नसेल तर तो बिघाड नव्हे. बंद डबीसारखा स्वस्त स्विच साफ होत नसेल तर सरळ बदलावा.

लाकडात सैल झालेले स्क्रू

पट्ट्याचं बटण, पिकगार्ड, ट्यूनरची पाठ, हे सगळे स्क्रू थेट लाकडात बसतात. लाकडातले आटे गेले की स्क्रू कितीही फिरवला तरी आवळत नाही. लांब किंवा जाड स्क्रू ठोकणं हा मोहाचा मार्ग आहे, पण त्याने लाकूड चिरू शकतं आणि पुढच्या वेळी भोक आणखी मोठं झालेलं असतं. बटणाच्या बाबतीत मी हे काम कधीही पुढे ढकलू देणार नाही. बटण निघालं तर गिटार हेडस्टॉकवर (मानेच्या टोकावर) आदळते, आणि मागे कललेल्या हेडस्टॉकच्या गिटारची मान तिथेच मोडते.

रीत सोपी आहे. स्क्रू काढा, भोकातला भुसा झटका. टूथपिक भोकात बसतील एवढ्या घ्या, दोन ते चार, त्यांना पांढरा गोंद लावा आणि भोकात घट्ट सारा. काडेपेटीची काडी वापरत असाल तर गुल तोडून टाका. वर आलेला भाग धारदार पात्याने पृष्ठभागाशी समतल कापा. ओघळलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा. पिकगार्डच्या स्क्रूला एवढं पुरतं. पट्ट्याच्या बटणाला मात्र गोंद पूर्ण वाळायला एक दिवस द्या, मग मधोमध बारीक सुरुवातीचं भोक पाडा आणि स्क्रू बसवा. गिटार जड असेल किंवा भोक फार मोठं झालं असेल तर कठीण लाकडाची गोल खुंटी गोंद लावून ठोकून बसवणं आणि तिच्यात नवं भोक पाडणं हे अधिक टिकाऊ.

स्क्रू परत बसवताना एक गोष्ट हाताला शिकवा. स्क्रू भोकात ठेवा आणि आधी उलटा, म्हणजे डावीकडे, हलकेच फिरवा. एका जागी तो किंचित खाली पडल्याचं बोटांना कळतं, बारीक ‘टिक’सुद्धा ऐकू येतो. तिथे तो जुन्या आट्यात बसलेला असतो. आता उजवीकडे फिरवा. असं न करता थेट फिरवलं तर स्क्रू दर वेळी नवे आटे कापतो आणि चार-पाच वेळांत भोक निकामी होतं. नव्या भोकात जाणाऱ्या स्क्रूला मेणबत्तीचं मेण चोळा. साबण नको, तो ओल धरतो.

बटण आणि बॉडी यांच्यामध्ये फेल्टचा वॉशर घाला. वाजवताना बटण पट्ट्याबरोबर किंचित फिरतं, हा वॉशर फिनिश वाचवतो.

ट्यूनर: आधी दोष कोणाचा ते ठरवा

गिटार सुरात राहत नाही म्हटलं की सगळे ट्यूनरकडे बोट दाखवतात. बऱ्याचदा दोष तारांच्या नटाच्या, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचांचा असतो. तार चढवताना ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो का? मग तार खाचेत अडकते आहे. तार सैल करून बाजूला घ्या, खाच जुन्या टूथब्रशने साफ करा आणि मऊ पेन्सिलीच्या शिशाचं टोक खाचेत घासा. त्या शिशातलं ग्राफाइट कोरडं वंगण आहे. टिंग थांबला तर ट्यूनरला हात लावायची गरज नाही.

तार नीट गुंडाळली आहे का हेही पाहा. साध्या ट्यूनरवर दोन-तीन वेढे, वरून खाली एकाखाली एक. एकमेकांवर चढलेले वेढे सरकत राहतात. नवी तार बसवल्यावर ती बोटांनी हलकी ताणून पुन्हा सुरात आणा, असं ती उतरायची थांबेपर्यंत करा. आणि सूर नेहमी खालून वर आणा. जास्त चढला तर उतरवून पुन्हा चढवा, म्हणजे दातांमधली ढील निघून जाते.

एवढं करूनही ट्यूनर डगडगत असेल तर तीन जागा आवळा. हेडस्टॉकच्या समोरच्या बाजूचा षटकोनी नट, आधुनिक बंद ट्यूनरवर तो सहसा १० मिमीच्या पान्याचा असतो. पाठीमागचा छोटा स्क्रू. आणि कानाच्या (बोटांनी फिरवायच्या चावीच्या) टोकावरचा स्क्रू, ज्याने कान फिरण्याचा कडकपणा ठरतो. तिन्ही फक्त घट्ट लागेपर्यंत. पाठीमागचा स्क्रू इतका बारीक असतो की जोर केला तर त्याचं डोकं तुटतं. बंद ट्यूनरमध्ये तेल घालायची गरज नसते. उघड्या दातांच्या जुन्या ट्यूनरला वंगणाचा एक थेंब चालतो.

ट्यूनर बदलायचेच झाले तर हेडस्टॉकचं भोक मोजा. आधुनिक ट्यूनरना साधारण १० मिमीचं भोक लागतं, जुन्या पद्धतीच्या ट्यूनरना ८.७ मिमीच्या आसपास.

तारांचा नटच सुटून आला असेल तर खाली जुन्या गोंदाचे कण खरवडा, दोन छोटे थेंब गोंद लावा आणि तारा हलक्या चढवून तो जागेवर बसू द्या. भरपूर गोंद लावू नका, पुढे कधी तो काढायचा झाला तर लाकडाचे कपचे निघतात. एखादी खाच खोल होऊन मोकळी तार पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) झणझणत असेल, तर खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा आणि वर सुपरग्लूचा थेंब टाकला की तो दगडासारखा घट्ट होतो, मग बारीक कानस लावून खाच पुन्हा कोरायची. हा तात्पुरता उपाय आहे, पण चांगला टिकतो.

ब्रिजची झणझण आणि गंजलेले स्क्रू

एखाद्या ठराविक सुरावरच धातूची झणझण येत असेल तर तो सूर वाजवत ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने ब्रिजचा (बॉडीवर तारा टेकतात त्या आधाराचा) एकेक भाग दाबत जा: सॅडल (तार टेकते तो तुकडा), उंचीचे स्क्रू, स्प्रिंग, ट्यूनोमॅटिक ब्रिजवरची आडवी तार. ज्यावर बोट ठेवल्यावर झणझण थांबते तो गुन्हेगार. सॅडलचा उंचीचा स्क्रू सैल असेल तर त्याच्या आट्यांवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. तो स्क्रू धरून ठेवतो, आणि पुढे गरज पडली तर सुटतोही. आवाज सॅडलच्या मागच्या स्प्रिंगचा असेल तर तिच्यात रबरी नळीचा छोटा तुकडा घाला.

सॅडलचे उंचीचे स्क्रू गंजून बसलेले असतात, कारण हाताचा घाम तिथेच मुरतो. चुकीच्या मापाची अ‍ॅलन की लावून त्यांचं भोक गोल करू नका. मेट्रिक ब्रिजवर बहुधा १.५ मिमी की लागते, अमेरिकन फेंडरवर ०.०५० इंचाची. दोन्हींमध्ये फरक पाव मिलिमीटरहून कमी आहे, पण चुकीची की फिरते आणि कोपरे खाते. अडलेल्या स्क्रूवर टूथपिकच्या टोकाने गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. तरी हलला नाही तर आयर्नचं गरम टोक अर्धा मिनिट स्क्रूवर टेकवा, निवू द्या, मग प्रयत्न करा. धातू प्रसरून आकुंचन पावला की गंजाची पकड मोडते. मात्र वर तेल असेल तर ते आधी पुसून घ्या, धूर होतो.

सॅडल काढल्यावर सूर पुन्हा जुळवावा लागतो. तार सुरात आणा, बाराव्या फ्रेटवर दाबून पाहा. दाबलेला सूर चढा येत असेल तर सॅडल मागे न्या, उतरता येत असेल तर पुढे. दर वेळी तार पुन्हा सुरात आणून तपासा.

ट्रेमोलो

ट्रेमोलोचा, म्हणजे ब्रिज हलवून सूर वरखाली करायचा, दांडा भोकात लडबडत असेल तर त्याच्या आट्यांवर नळाला लावतात ती टेफ्लॉनची पांढरी पट्टी दोन-तीन वेढे, आट्यांच्याच दिशेने गुंडाळा. आत छोटी स्प्रिंग टाकायची सोय काही ब्रिजमध्ये असते, तीही चालते.

ब्रिज पुढे उचलला गेला असेल, तर मागचं झाकण उघडा. स्प्रिंगा ज्या पत्र्याला अडकतात तो पत्रा दोन लांब स्क्रूंवर असतो. दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा वेढा आत घ्या, सगळ्या तारा सुरात आणा, मग पाहा. पुन्हा अर्धा वेढा. तारांचा ताण आणि स्प्रिंगांचा ताण यांचा तोल साधायचा असतो, म्हणून सूर न लावता ब्रिजकडे पाहून काहीच कळत नाही. तरंगता ब्रिज हवा असेल तर स्ट्रॅटवर त्याच्या मागच्या कडेखाली साधारण ३ मिमी अंतर ठेवतात. ट्रेमोलो वापरतच नसाल तर स्क्रू आत घेऊन ब्रिज बॉडीला टेकवून ठेवा, सूर कितीतरी स्थिर राहतो. फ्लॉइड रोजसारख्या ब्रिजचे दोन खांब तारा ताणलेल्या असताना फिरवू नका. ब्रिज त्यांच्यावर धारेवर टेकलेला असतो आणि ती धार एकदा बोथट झाली की ट्रेमोलो सुरात परत येत नाही.

झाकण उघडलंच आहे तर त्या पत्र्याला डाग दिलेली एक वायर शोधा. तीच तारांचा ग्राउंड.

घूं आवाज

तारांना हात लावला की घूं कमी होतो, हे ठीक आहे. ग्राउंड जागेवर आहे. हात लावून काहीच फरक पडत नाही, पण जॅकच्या धातूला हात लावला की कमी होतो, तर ब्रिजची ग्राउंड वायर सुटली आहे. स्ट्रॅटवर वर सांगितलेल्या पत्र्यापाशी पाहा. इतर गिटारवर ती ब्रिजच्या खाली किंवा त्याच्या खांबाच्या भोकात दाबलेली असते. आणि हात लावल्यावर घूं वाढत असेल तर जॅकवर दोन वायरींची अदलाबदल झाली असण्याची शक्यता दाट आहे. नुकताच जॅक बदलला असेल तर सरळ तिथेच पाहा. सिंगल कॉइल पिकअपचा थोडा घूं मात्र स्वभावच आहे, तो दुरुस्तीने जात नाही.

साध्या पिकअपच्या गिटारमध्ये स्वतःची धोकादायक वीज नसते. अ‍ॅम्पमध्ये असते. तार आणि मायक्रोफोन एकदम हाताला लागल्यावर झटका जाणवला तर ताबडतोब वाजवणं थांबवा आणि अ‍ॅम्पचं अर्थिंग तपासून घ्या. ट्यूब अ‍ॅम्पचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.

कारागिराकडे न्यायच्या गोष्टी थोड्याच आहेत. लाकडात डोकं तुटून अडकलेला ट्यूनरचा स्क्रू, कारण तो काढायला भोवतीचं लाकूड नेमकं कोरावं लागतं. चिरलेली मान. फिरेनासा झालेला ट्रस रॉड (मानेच्या आतली सळी). आणि झिजलेले फ्रेट. या कामांना खास हत्यारं आणि सरावलेला हात लागतो. नेताना गिटारबरोबर निघालेला प्रत्येक तुकडा, स्क्रूचं तुटलेलं डोकंसुद्धा, पिशवीत घालून द्या. कारागिराला त्यावरून उरलेल्या स्क्रूचं माप कळतं.